सरकारी माया

कोटाचं वरचं बटण लागलं, दुसरं लागलं, तिसऱ्याने मात्र नकार दिला. पाना आरशासमोर श्वास रोखून उभा राहिला. बटण काजापर्यंत आलं आणि श्वास सुटताच परत फिरलं.

"अहो, सोडा तो कोट," बायको दारातून म्हणाली. "चेहरा जांभळा पडलाय. लढाईत वाचलात ते काय आरशासमोर मरायला?"

पाना हे त्याचं फौजेतलं नाव. लॉऱ्या दुरुस्त करायचा म्हणून पडलं, पुढे बस डेपोत नोकरी लागली तेव्हा तिथेही चिकटलं आणि निवृत्तीनंतरही सुटलं नाही.

रविवारी त्याच्या तुकडीचा मेळावा होता. पहिलाच. आजवर कुणी भरवला नव्हता, कारण ते युद्धच कुणाला नको होतं. ज्या सरकारने ते सुरू केलं ते पुढच्या निवडणुकीत पडलं, आणि त्यानंतरच्या सरकारांनी त्याचा विषयच काढला नाही. पानाची तुकडी ज्यात होती त्या खिंडीच्या मोहिमेने युद्धाचं पारडं फिरवलं खरं. पण जिंकलेली खिंड तहात परत देऊन टाकली. आता कुठे गावातल्या बागेत, गेलेल्यांच्या नावांचा दगड बसवायला परवानगी मिळाली होती. तुकडीच्या हवालदारांनी प्रत्येकाला फोन करून बजावलं होतं, "त्या वेळचा कोट अंगावर असेल तोच फोटोत. नवा शिवून आणाल तर मला कळेल. पोटावर बटण लागलं नाही तर बाहेर."

पानाचा जीव त्या फोटोत अडकला होता. खिंड घेतली त्या दिवशी तुकडीचा एक फोटो निघाला होता. त्यात सगळे हसताहेत, मागे एक लॉरी आहे आणि लॉरीखालून दोन बूट बाहेर आलेत. ते बूट पानाचे. गेली कित्येक वर्षं तो पाहुण्यांना ते बूट दाखवायचा, पाहुणे "हो का?" म्हणायचे आणि चहा प्यायचे. परवा नव्या सुनेने फोटो हातात घेऊन अगदी साधेपणाने विचारलं, "पण बाबा, बूट कुणाचेही असू शकतात ना?" ती वाईट मुलगी नव्हती. विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करायची, एवढंच.

तेव्हा कोट पिशवीत घालून पाना मेव्हण्याच्या दुकानात गेला. मेव्हणा शिंपी होता आणि सगळं गाव त्याला मास्तर म्हणायचं. अरुंद दुकान, काचेवर खडूच्या रेघा, पायाखाली चिंध्या, आणि शिवणयंत्रामागे दोन टाचण्या ओठांत धरून बसलेले मास्तर. टाचण्या असल्या तरी बोलणं थांबत नसे.

"या जावईबापू. कुठल्या देशावर चाललात?"

"कोट थोडा सैल करून हवाय."

मास्तरांनी कोट ओळखला आणि टाचण्या काढून ठेवल्या. त्या युद्धाविरुद्ध या गावात जे मोर्चे निघाले, त्यांतले काळे झेंडे याच यंत्रावर शिवले गेले होते. त्यांची आणि पानाची ओळखही त्याच झेंड्यांमुळे झालेली. परतीच्या गाडीत सैनिकांना कळलं की स्टेशनवर स्वागताला टोमॅटो आहेत. सगळ्यांनी अंधाऱ्या डब्यात घाईघाईने कोट काढले, ट्रंकांत कोंबले आणि साध्या सदऱ्यात उतरले. पाना गर्दीत शिरला, तर एका उंच माणसाने, म्हणजे मास्तरांनीच, त्याला मोर्चेकरी समजून हातात झेंडा दिला आणि ओरडून म्हटलं, "झोपलास काय? घोषणा दे!" पानाला दुसरं काही सुचेना. तो बाजारपेठभर स्वतःच्याच निषेधाच्या घोषणा देत गेला. आवाज चांगला लागला म्हणून मास्तर त्याला घरी जेवायला घेऊन गेले. वाढायला बहीण होती. खरा प्रकार कळेपर्यंत लग्नाची तारीख ठरली होती.

"तुमच्या घोषणेइतकी दमदार घोषणा त्या दिवशी कुणाची नव्हती," मास्तर आजही म्हणाले आणि कोट उलटा केला. शिवण बोटांत धरून पाहिली, दुसरी पाहिली आणि कोट टेबलावर टाकला.

"नाही व्हायचं. माया नाही."

"मास्तर, एवढ्या वर्षांनी तरी राग—"

"अहो, माझी नाही, कोटाची! शिवणीत आत कापड ठेवतात, उसवून सैल करायला. त्याला माया म्हणतात. इथे काठाला काठ लावून टीप मारलीय. सरकारने तुमच्यासाठी पाव इंच माया ठेवली नाही, भाऊजी. अंगाने भरून परत याल अशी अपेक्षाच नसावी."

पाना स्टुलावर बसला. मास्तरांनी बाहीवरच्या रफू केलेल्या भोकावर बोट ठेवलं. आवाज जरा खाली आला. "गोळी?"

"उंदीर. आमच्या बिस्किटांना दात लागत नव्हते, म्हणून उंदीर कोट खायचे. बिस्किटं आम्ही चाकांखाली घालायचो, चिखलातून लॉरी निघायला. अख्खी मोहीम आम्ही ढकलत नेली, मास्तर. लोकांना वाटतं आम्ही लढलो."

"आणि त्या दगडावर नावं आहेत ती?"

"ती लढलेल्यांची," पाना म्हणाला. "आणि ढकलणाऱ्यांचीही आहेत. माझ्या बाजूला खांदा लावून होता, तो एक."

मास्तर बराच वेळ खडूला टोक काढत राहिले. टोक निघून गेलं तरी काढत राहिले.

"फोटो समोरूनच काढतात ना?" त्यांनी अचानक विचारलं.

"म्हणजे काय?"

"मग पाठ चिरू. कॉलरपासून खाली सरळ. कडा दुमडून टीप मारतो, वर एक बंद देतो. समोरून कोट झकास बसेल. आमच्या धंद्यात मढ्याला कोट असाच चढवतात."

"मास्तर!"

"तक्रार एकाचीही आलेली नाही. उभे राहा."

शिवून झाल्यावर पानाने भीत भीत विचारलं, "रविवारी याल?"

"मी? त्या युद्धाच्या समारंभाला?" मास्तरांनी टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या. विषय संपला.

रविवारी बागेत बरीच गर्दी होती. माजी सैनिक ताठ मानेने, एकमेकांकडे तोंड करून, कडेकडेने सरकत येत होते. कुणी कुणाला पाठ दाखवत नव्हतं. पानाला वाटलं, वयाबरोबर माणसं फारच अदबशीर झालीत. बिगूल वाजवायचा म्हणून ज्याला सगळे बिगूल म्हणत, तो तर झाडाला टेकून उभा होता आणि ओळ लागेपर्यंत हलायला तयार नव्हता.

हवालदारांनी एकेकाचं बटण तपासलं. पानाचं तिसरं बटण आरामात लागलेलं होतं. "शाब्बास पाना. पोट राखलंस." पाना ओळीच्या मधोमध उभा राहिला. छायाचित्रकाराने कॅमेरा रोखला. सून बघ्यांच्या पहिल्या रांगेत होती. झालं, एवढ्यात आपला चेहरा निघणार, असं पानाच्या मनात आलं.

तेवढ्यात हवालदारांना आठवलं की दगड ओळीच्या मागे आहे.

"आधी मानवंदना! तुकडी, मागे वळ!"

हुकूम कानावर पडला आणि पाय आपोआप वळले. डोकं पोचायच्या आत काम झालं होतं. वारा सुटला होता. गर्दीसमोर ओळीने फडफडणारे चिरलेले कोट आणि त्यांतून दिसणारे पांढरे बनियन आले. पानाने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं: बिगुलाची पाठ सेफ्टी पिनांनी धरलेली, त्याच्या पलीकडच्याची चिकटपट्टीने. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, मग दुसरं, मग सगळी बागच. या गावाचं त्यांच्यावर ओरडून झालं होतं, गप्प बसून झालं होतं. हसलं मात्र पहिल्यांदाच.

"शांतता!" हवालदार गरजले आणि सलाम करायला स्वतः दगडाकडे वळले. त्यांचा कोट पाठीवर बुटाच्या नाडीने विणलेला होता.

हसू आणखी वाढलं आणि मग, समोरची एकही पाठ हलत नाही असं दिसल्यावर, थांबलं. सलामातले हात कपाळाशी तसेच होते. पाना दगडावरचं एक नाव वाचत होता. एकच होतं ते, पण त्याला बराच वेळ लागला.

नंतर समोरूनही फोटो निघाला. पण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राने छापला तो पाठीचाच. पानाने पान उघडलं आणि बंद केलं. पाठीच पाठी. चेहरा याही वेळी नव्हता.

सुनेने कागद ओढून घेतला. "यात तुम्ही कुठले, बाबा?"

पाना काही बोलणार, तोच चहाला आलेले मास्तर पुढे वाकले आणि मधल्या एका पाठीवर बोट टेकवलं. "हा. बाकीच्यांचे काठ बघ, दोरे लोंबताहेत. ही दुमडून मारलेली टीप माझी आहे. मी तिथे उभं राहून पाहिलीय."

"तुम्ही गेला होतात?" पाना म्हणाला.

"टीप तग धरते का, ते बघायला." मास्तर सुनेकडे वळले. "लिहून हवं असेल तर देतो. हा माणूस खिंडीत होता, त्याचा कोट मी आतून पाहिलाय. मी आयुष्यभर त्या युद्धाच्या विरोधात आहे आणि उद्याही राहीन. पण हा होता."

सुनेने दोघांकडे पाहिलं. तपासणाऱ्या माणसाला साक्षीदार विरुद्ध बाजूचा मिळाला की त्याचं समाधान होतं. ती खुर्ची ओढून पानासमोर बसली.

"बरं बाबा, मग सांगा. खिंडीत नक्की काय झालं?"

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. पाना घसा खाकरून ताठ बसला. "पहाट होती," त्याने सुरुवात केली.

"संध्याकाळ होती," बायको आतून म्हणाली.