सातव्या मापाच्या पुढे

“दिव्यावरनं नजर हलवू नको, पोरी. इझला तर मला हाक मार. तोवर पेवात कोणी पाय टाकायचा न्हाई.”

एवढं सांगून सासरे बद्रीनाथ पोती आणायला गोठ्याकडे वळले, त्याला बावीस वर्षं झाली. आता सासरेही राहिले नाहीत. पण भाकरी थापताना, तुळशीला पाणी घालताना नंदाबाईच्या कानाशी तो आवाज अजून येई, आणि हात जागच्या जागी थांबे.

पेव अंगणाच्या कोपऱ्यात होतं. जमिनीच्या पोटात खणलेलं, रांजणासारखं. तोंड अरुंद आणि आत दोन पुरुष खोल. पूर्वी घरची ज्वारी त्यात राहायची. बंद पेवातली हवा माणसाला गिळते, म्हणून तोंड उघडलं की दोरीला बांधून आधी दिवा सोडायचा. ज्योत टिकली तरच माणूस उतरणार. हे धावडा गावात लहान पोरालाही ठाऊक असायचं. नंदाबाईची नणंद दैवशाला त्याच पेवात गेली. तेव्हापासून तोंडावर फरशी होती आणि ज्वारी पोत्यांत.

ती फरशी काढायला लावली अर्पितानं.

नंदाबाईची ही एकुलती लेक सोळा वर्षांची. पाचवीपासून तिचं एकच म्हणणं, अंतराळात जायचं. शेजारची गोजरबाई चिडवायची, “वर गेलीस की आमच्या तुरीवर दोन सरी धाड गं बाई.” अर्पिता हसायची आणि टेकडीवर पळायला जायची. तिनं कुठंसं वाचलं होतं की वर पाठवायच्या आधी माणसाला लहानशा खोलीत दिवस दिवस एकटं ठेवतात, कोण टिकतं ते बघायला. तशी खोली धावड्यात कुठली? तिनं पेवाकडं बोट दाखवलं.

नंदाबाई नको म्हणाली. पण भागवत, तिचा नवरा, लेकीपुढं मेणाचा. त्यानं आठ दिवस पेव उघडं ठेवलं, तीनदा कंदील सोडून बघितला, लोखंडी शिडी लावली. माझ्या बहिणीचा जीव घेतला त्या जागेनं, आता तिच्या भाचीच्या कामाला तरी येऊ दे, म्हणाला.

अर्पिता आधी अर्धा तास बसायची, मग दोन तास. नंदाबाई वर भाजी निवडत कान देऊन असे. माघातल्या एका दुपारी खालून संथ आवाज आला.

“लाभ... दोन... तीन...”

नंदाबाईच्या हातातली मेथी तशीच राहिली. पायलीनं धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पण घरातली पायली जाऊन जमाना झाला. पोरीनं धान्य मोजताना बघितलं ते भोकरदनच्या बाजारात, वजनकाट्यावर. मोजणं सातापर्यंत आलं आणि थांबलं. मग पुन्हा लाभ.

वर आल्यावर विचारलं, तर अर्पिता मानेवरची माती झटकत म्हणाली, “मी न्हाई मोजत, आई. ती मोजती. मी तिच्यामागून म्हणून राह्यले.”

“कोण ती?”

“आत्या.” शेजारघरी जाऊन आल्यासारखं म्हणाली.

नंदाबाईनं फरशी पुन्हा ठेववली. पोरीनं हट्ट केला नाही. शाळेतून आली की फरशीवर बसायची, कधी कान टेकायची. जेवण निम्म्यावर आलं. टेकडीवरचं पळणं बंद झालं.

त्याच आठवड्यात पत्र आलं. नागपूरला अंतराळ शिबिर होतं, आणि त्यासाठी विभागातून निवडलेल्या पंधरा मुलांत हिचं नाव होतं. भागवतनं गावभर पेढे वाटले. अर्पितानं पत्राची घडी घातली आणि आईला म्हणाली, “मी न्हाई जाणार.”

“का गं?”

“ती एकटी राहील. सात झाले की थांबती न् वर बघती. म्हणती, मोजणं थांबलं तर वयनी खाली येणार होत्या.” मग खालच्या आवाजात, “आणि दिवा दोनदा पेटवल्याचं तिनं कोणाला सांगितलं न्हाई म्हणती.”

हे दोन जीवांनाच ठाऊक होतं.

लग्नाला नववा दिवस होता. सासऱ्यांनी दोरी हातात दिली, दिवा खाली गेला आणि विझला. नव्या नवरीच्या हातचा दिवा विझला, तर घर काय म्हणेल? अवलक्षण म्हणेल. तिनं दिवा वर ओढला, काडी लावली आणि या खेपेला तोंडाशीच धरला. दैवशालानं ते बघितलं आणि हसली. “वयनी, तुमच्या माहेरी अंधाराला भेतेत का? द्या ती पायली.” तशी नंदाबाई म्हणाली होती, “मोजत राहा म्हंजे मला कळंल. थांबलात तर मी येते खाली.” सातवं माप झालं आणि आवाज आला नाही. नंदाबाईनं पाय टाकलाही होता, पण सासूनं पदर धरून मागं ओढली. दिवा पेटता असूनही पेवातल्या वाऱ्यानं घात केला, असं सगळे म्हणाले. तिनं ते म्हणू दिलं. त्यानंतर देवापुढचा दिवा तिनं कधी विझू दिला नाही. दिवा बघितल्याशिवाय पाणी घेतलं नाही. बाया तिच्या नेमाचं कौतुक करायच्या आणि ती मान खाली घालायची.

“खरं हाय ते,” ती लेकीला म्हणाली. “दिवा इझला होता. मी लपवलं.”

अर्पिता रागावली नाही. “मंग?”

“तू जा. तिच्यापाशी मी बसते.”

“उतरशील?”

“उतरते.”

पोरगी त्या दिवशी पोटभर जेवली.

बुधवारी सकाळी बापलेक जालन्याच्या बसमध्ये बसले. अर्पिता खिडकीतून हात हलवत होती. गाडी वळणाआड गेली. नंदाबाई घरी आली तेव्हा उन्हं अंगणात उतरली होती. दारात सडा तसाच ओला होता. भागवतनं तिच्या सांगण्यावरून कालच फरशी सरकवून, कंदील सोडून, शिडी लावून ठेवली होती. का, ते त्यानं विचारलं नव्हतं.

ती उंबऱ्यात पाय धूत होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. कोपऱ्यातून मोजणं ऐकू आलं. पोरीच्या आवाजाची जोड नसलेलं, मोकळं, थोडं हसरं. सहा. सात.

मग काही नाही.

नंदाबाईनं तांब्या बाजूला ठेवला, पदर कमरेला खोचला आणि अंगण ओलांडून शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय दिला.