कोरडा माठ

मित्रांनो, मी एक जुना माठ आहे, पण उमेदीच्या वर्षांत माझ्या पोटात पाण्याचा थेंब पडला नाही. कुंभारानं मला थापटून, भाजून बडा फुहाऱ्याच्या बाजारात मांडलं, तेव्हा वाटलं होतं, आता कुणाची तरी तहान भागवायची. नशिबी आली वाळू!

मला विकत घेतलं रत्नाकरकाकांनी. फॅक्टरीतून रिटायर झालेले, विजय नगरात राहणारे, बोलायला कमी आणि मातीत हात घालायला पुढे. त्यांनी या हिंदी मुलखातली आसपासची मराठी घरं गोळा करून रॅननक्युलस मंडळ काढलं होतं. रॅननक्युलस, लार्कस्पर, कलौंजी ही एकाच कुळातली फुलझाडं, आणि मंडळात दुसऱ्या कुळाला थारा नव्हता. रॅननक्युलसचे कंद वाळले की मेलेल्या कोळ्यांसारखे दिसतात. काकांच्या पत्नी सुहासिनीकाकू चिडवायच्या, "लोक गुलाबाचं मंडळ काढतात, आमच्या यांनी कोळ्यांचं काढलं."

मंडळाची रीत ठरलेली. ऊन तापू लागलं की सगळ्यांच्या वाफ्यांतले पिवळ्या रॅननक्युलसचे कंद उकरायचे, सुकवायचे आणि कोरड्या वाळूत घालून माझ्या पोटात ठेवायचे. तोंडाला फडकं. दिवाळी झाली की जमून वाटून घ्यायचे. हा पिवळा वाण काकांनी वर्षानुवर्षं निवडून इथल्या उन्हात टिकेल असा केला होता. तो आणखी कुठंही नव्हता. "पाणी लागलं की संपलं," ते बजावायचे. मी मात्र झुरायचो. जन्म माठाचा आणि पाण्याशी वैर!

एका हिवाळ्यात, वाफे पिवळ्या फुलांनी भरलेले असतानाच, काका गेले. ऊन तापल्यावर काकूंनी डोळे पुसत पुसत रीत पाळली, कंद माझ्या स्वाधीन केले. मग त्या मागच्या व्हरांड्यात फिरकल्याच नाहीत. तिथं काकांची खुर्ची होती ना.

अक्षय तृतीयेला त्यांची मुलगी मैत्रेयी बंगळुरूहून आली. गेलेल्या माणसाच्या नावानं त्या दिवशी माठ भरतात. काकूंनी देवापुढे नवा माठ भरला. मैत्रेयी मात्र मागे आली, माझं फडकं उचललं, वाळूत बोटं घातली.

"बाबांनी काहीतरी लावलेलं दिसतंय. किती सूखून राहिलं आहे," ती पुटपुटली. तिनं तांब्या आणला आणि बाबांच्या नावानं माझ्यात ओतला. सुट्टी संपेपर्यंत ती रोज ओतत होती.

मित्रांनो, त्या पहिल्या पाण्यानं मी किती सुखावलो म्हणून सांगू! मग पोटातले कंद फुगू लागले, मऊ पडले, एकेक करून कुजले, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत ती ओल सुकलीच नाही. मातीच्या भांड्याला तोंड असतं, पण बोलता येत नाही.

दिवाळीनंतर मंडळ जमलं. सगळ्यांत जुने सभासद पुंडलिकराव पिशवी घेऊन आले. काकूंनी फडकं काढून आत हात घातला. हाताला चिखल लागला.

"अरे, यात पाणी काहून गेलं?" पुंडलिकराव म्हणाले.

सणाला आलेली मैत्रेयी दारात उभी होती. "मी रोज देत होती, आई. बाबांच्या नावानं. मला वाटलं, तुम्ही लोक विसरून गेले."

पुंडलिकरावांनी रिकाम्या पिशवीची घडी घालून ती खिशात ठेवली. काकू चिखलाचा हात तसाच धरून बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "रडू नको, बेटा. त्यांना तहान लागतच असेल."

त्या हिवाळ्यात वाफ्यांत लार्कस्पर फुललं, कलौंजी फुलली. पिवळं काही नव्हतं. मंडळही पुन्हा जमलं नाही.

म्हणून सांगतो, माया करा, पण आधी विचारा. एखाद्याला कोरडं ठेवणं हीच त्याची निगा असते, आणि ते ठाऊक असणारं माणूस कायम घरात राहत नाही. त्याच्याजवळ बसून शिकून घ्या.

आता उन्हाळा आहे. काकूंनी मला घासून, उन्हात तापवून फाटकापाशी ठेवलंय. रोज सकाळी भरतात. येणारेजाणारे ओंजळीनं पितात आणि म्हणतात, पाणी काय गार आहे! जन्मभर मला हेच ऐकायचं होतं. आता ऐकवत नाही.