उद्याच्या तारखेची सही

१९५८ साली मी बंगळूरच्या एका फ्लाइंग क्लबात कारकून होतो. विमानांच्या तपासणीचे कागद माझ्याकडे असत. नियम असा होता, की सकाळी मेकॅनिकने टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काढायचं, त्यात पाणी नाही ना ते पाहायचं, मग सही करायची. सही असल्याशिवाय विमान हलायचं नाही.

आमच्याकडे सही आदल्या संध्याकाळीच होई. मीच उद्याची तारीख घालून कागद मेकॅनिक यल्लाप्पापुढे धरत असे. त्यामुळे सकाळी मला तासभर वाचत बसता येई. तपासणी मात्र यल्लाप्पा सकाळी येऊन न चुकता करी.

त्या दिवशी सकाळी तो आनेकलच्या बहिणीकडून परत येत होता. वाटेत बस बंद पडली. रत्नाकर म्हणून बावीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याने कागदावरची सही पाहिली आणि विमान नेलं. वर चढताच इंजिन थांबलं. विमान नाचणीच्या शेतात कोसळलं, रत्नाकर जागीच गेला. इंजिनात पाणी सापडलं.

दिल्लीहून चौकशी अधिकारी आले. चौकशीच्या आदल्या दिवशी क्लबचे सेक्रेटरी विश्वासराव माझ्या टेबलाशी आले.

"नरसिंह, उद्या विचारतील तेवढंच सांगा. नाहीतरी तुम्हाला बोलणं कुठं जमतं! क्लबला कुलूप लागलं तर तुमची ही पुस्तकं कोण घेऊन देणार?"

मी हसलो. का हसलो, ते अजून कळलेलं नाही.

चौकशीत यल्लाप्पा माझ्याकडे हात करून म्हणाला, "सही आदल्या संध्याकाळची आहे, साहेब. रोज तसंच चालतं. अण्णांना विचारा, ते खोटं बोलायचे नाहीत."

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "सही कधी झाली?"

"कागदावर त्याच दिवसाची तारीख आहे," मी म्हणालो.

"म्हणजे सकाळी?"

मी मान डोलावली.

तपासणी न करता सही केली, वर चौकशीत खोटं सांगितलं, म्हणून यल्लाप्पाचं लायसन्स गेलं.

अहवालाची प्रत त्याच्या घरी आली तेव्हा त्याच्या बायकोने, गंगव्वाने, मला बोलावणं पाठवलं. इंग्रजी वाचणारं त्यांच्या ओळखीचं दुसरं कुणी नव्हतं. मी एकेक वाक्य वाचून कानडीत सांगू लागलो.

"स्वल्प सावकाश, अण्णा," यल्लाप्पा म्हणाला. "माझं नाव आलं की थांबा."

त्याचं नाव सात वेळा आलं. सातही वेळा मी थांबलो. माझी साक्षही वाचली. माझं नाव त्यात नव्हतं, नुसतं 'कारकून' होतं.

शेवटी गंगव्वाने विचारलं, "सही आदल्या दिवशी घेतली, हे कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही."

"मग तुम्ही लिहा की खाली. तुम्हाला तर ठाऊक आहे."

"त्यांना कशाला त्रास देतेस?" यल्लाप्पा म्हणाला. "त्यांना वाचायला बोलावलंय."

मी अहवाल घडी करून तिच्या हातात दिला. सरकारी कागदावर आपल्याला काही लिहिता येत नाही, असं तिला समजावून सांगितलं. त्या प्रकरणात मी खरं बोललो ते एवढंच.