सावकाशरावांचा दोरा

या, असे पुढे सरका. मागे बसाल तर अर्धेच ऐकू येईल, आणि आजची गोष्ट ऐकू येण्याचीच आहे. माणूस तुमच्याआमच्यातलाच, पण देवाने त्याच्या वाट्याला एक दिवस असा दिला की तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

सकाळी साडेसहाला तो जुन्या बसच्या चालकाच्या जागेवर बसून चौथ्यांदा कॉलरमागे हात घालून चाचपत होता. तिथे काळा दोरा होता. एक टोक सदऱ्याला शिवलेले, दुसरे डोक्यावरच्या घंटीच्या लोलकाला बांधलेले. मागून कंडक्टरने दोरी ओढली की लोलक हले आणि याच्या मानेला हिसका बसे. एक हिसका म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा.

त्याला सगळे सावकाशराव म्हणत. एकतीस वर्षे बस चालवली आणि प्रत्येक थांब्यावर एकच शब्द बोलले, "सावकाश!" निवृत्त झाल्यावर भंगारात निघालेली ही बस त्यांनी आणि आणखी काही हौशी मंडळींनी तीन वर्षे खपून उभी केली. वर्षातून एका सुट्टीला शहराच्या सगळ्या बस बंद असत. त्या दिवशी ही मंडळी जुन्या गाड्या फुकट चालवत. इस्पितळात आपल्या माणसाला भेटायला जाणारे तर वाटच पाहत असत. ही सकाळ त्याच सुट्टीची.

दोऱ्याचे टाके बायकोने घातले होते. घालताना म्हणाली, "पुरेल ना हो?"

"आजचा दिवस पुरला म्हणजे झालं."

"आणि कुणी मागून हाक मारली तर?"

त्यांनी ऐकलेच नाही असे दाखवले. खरे तर ऐकलेच नव्हते. ओठांवरून कळले होते.

सकाळपासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. आरशात बघ, मानेला हात लाव, पुन्हा आरशात बघ. दाराशी कंडक्टर म्हणून शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी उभे. दोन फेऱ्या बिनबोभाट झाल्या.

तिसऱ्या फेरीला इस्पितळाचा थांबा आला. एक आजी काठी टेकत उतरू लागल्या. एक पाय रस्त्यावर, एक पायरीवर. तेवढ्यात आत उभ्या असलेल्या कुणा जाड्या गृहस्थाचा तोल गेला, आणि त्याने आधाराला म्हणून वरची दोरी धरली. एकदा ओढली, सावरताना पुन्हा ओढली.

सावकाशरावांच्या मानेला दोन हिसके बसले. त्यांनी गाडी सोडली.

"थांबा! अहो, थांबा!" गुरुजी ओरडले. अख्खी बस ओरडली. आरशात माणसे उठून उभी राहिलेली दिसली तेव्हा कुठे यांचा पाय ब्रेकवर गेला. गुरुजींनी आजींना दंडाला धरून ओढून घेतले होते. काठी मात्र मागच्या चाकाखाली मोडली.

झाले! सगळे गुरुजींवर तुटून पडले. "घंटी नीट सांभाळता येत नाही तर आलात कशाला?" गुरुजींचा चेहरा उतरला. "चूक माझीच," ते म्हणाले, "दोरी माझ्या ताब्यात होती."

हौशी मंडळींची पुढारी एक ताई होती. एरवी रुग्णवाहिका चालवायची. ती पुढच्या बाकावरून उठून आली. "तुमचा काही दोष नाही काका. दोन टोले पडले, तुम्ही निघालात. बसा, अजून चार फेऱ्या आहेत."

बसायचे तेवढे होते. गप्प बसायचे, की चाक हातात राहणार होते. सावकाशरावांनी खाली मान घातलेल्या गुरुजींकडे पाहिले. मग कॉलरमागे हात घालून टाके उसवले आणि दोरा ओढून ताईपुढे धरला. त्या ओढीने घंटी ठणकन वाजली. सगळ्यांनी वर पाहिले. एकट्या त्यांनी पाहिले नाही.

ताईला तेवढ्यावरून सगळे कळले. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. गुरुजी केवढ्यांदा ओरडले असतील... मला काही ऐकू आलं नाही गं."

"सकाळी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर चावी दिली असतीस?"

"नाही."

"म्हणून."

ते खाली उतरले, मोडक्या काठीचे दोन तुकडे उचलले आणि आजींपुढे खांदा केला. "धरा. सावकाश."

"आत्ता म्हणतोस होय रे!" आजी म्हणाल्या. हे मात्र सावकाशरावांना ओठांवरून नीट कळले.

आजींना इस्पितळाच्या दारापर्यंत सोडून ते परतले, तो ताई चालकाच्या जागेवर बसलेली. हे फुटपाथवरच उभे राहिले, हात कुठे ठेवावेत ते सुचेना. गुरुजी दारातून वाकले, यांच्या डोळ्यांसमोर तोंड आणून एकेक शब्द सुटा बोलले, "वर या. माणसं मोजू, की पाय बघू? एकट्याला जमत नाही मला." आणि दोरी हातात दिली.

सावकाशराव पायरीपाशी उभे राहिले. शेवटच्या माणसाचे दोन्ही पाय आत आले का, ते वाकून पाहिले. मग दोरी दोनदा ओढली.

त्यांना काहीच ऐकू आले नाही. पण गाडी हलली.

माझे एवढेच मागणे. कधी तुमचा दुसरा पाय जमिनीला टेकेपर्यंत एखादी बस थांबून राहिली, तर क्षणभर त्या सावकाश म्हणणाऱ्याची आठवण ठेवा.