सूर पुसणारी पेटी

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि माझं कौतुक मुळीच करू नका. मी पाप केलं आहे.

दक्षिण जपानमधल्या माकुराझाकी बंदरातल्या एका बस कंपनीने मला विकत घेतलं, ते प्रवाशांना स्थळांची माहिती सांगणाऱ्या मुलींना शिकवायला. आमच्याकडची माणसं बोलताना सूर शब्दाच्या शेवटाकडे चढवतात. कंपनीला हवा होता तोक्योचा सूर. मुलींनी बोलायचं, मी ते ऐकवायचं, शिकवणाऱ्या हिदाकाबाईंनी चुका काढायच्या. मग त्याच फितीवर पुन्हा बोलायचं, की आधीचं पुसलं जायचं.

मियो नावाची मुलगी सरावासाठी मला घरी नेई. तिची आई तोमे अंगणात धुरावर मासे सुकवायची. रोज भांडण ठरलेलं.

"बंद कर ती मेली पेटी! परक्या बाईचं भूत शिरलंय तुझ्या अंगात."

"तू गप गं! तुझ्यासारखं बोलले तर लोक हसतात मला."

एकदा तोमेने माशांचं पाणी माझ्यावर ओतलं. बटणांत खवले अजून आहेत. तरी मियो परीक्षेत पहिली आली. पुढे तीच शिकवणारी बाई झाली, हिदाकाबाईंपेक्षा खाष्ट. नवी यंत्रं आल्यावर तिने मला घरच्या कपाटात कोंबलं आणि विसरली.

गेल्या वर्षी गावाला उपरती झाली. जुना सूर बोटांवर मोजण्याइतक्या तोंडांत उरला होता. संग्रहालयाने मियोकडे त्या सुरातली चार वाक्यं मागितली. हौसेने तिने मलाच बाहेर काढलं. ती बोलली, मी ऐकवलं. सगळं तोक्योचं! दहादा प्रयत्न केला, स्वतःचा सूर काही सापडेना. रडत मला उचलून ती आईकडे गेली. ब्याण्णव वर्षांची तोमे अजून मासेच सोलत होती.

"आई, तू बोल ना गं. शिव्या दे हवं तर."

तोमेने हात पुसले, गुडघे मोडून ताठ बसली.

"आपण दुरून आलात. दमला असाल. चहा घ्यावा."

सूर अस्सल तोक्योचा. एक चूक नाही. मियोचा सराव भिंतीआडून ऐकून तिलाही सगळं पाठ झालं होतं. पोटच्या पोरीशी पाहुण्यासारखं बोलून ती उठली आणि मासे पालटायला निघून गेली.

"आई, मी मियो गं," मियो म्हणाली. माझी फीत फिरतच राहिली.

मित्रांनो, नवं भरण्याआधी खाली काय आहे, ते एकदा ऐकून घ्या. नंतर मागाल, तेव्हा देणारा द्यायला राजी असेलच असं नाही.