राजधानीतली एकादशी

गावच्या ओढ्यावर बारा किलोवॅट वीज तयार व्हायची. बेचाळीस घरांना ती पुरायची. फक्त बेचाळीस घरांनी ती एकदम मागू नये, एवढीच तिची अट. सरकारपेक्षा बरी, पुनांची झुपमाया म्हणायची, अट आधी सांगते तरी.

आज त्या विजेवर पिठाची गिरणी चालवून दाखवायची होती. एक तास, न थांबता. चालली तर गिरणी बायकांच्या गटाची. थांबली तर खेचरावर लादून पलीकडच्या गावाला. झुपमाया गटाची अध्यक्ष. वीस वर्षं रोज पहाटे जात्यावर नाचणी दळून तिनं उजवा दंड असा कमावला होता, की डावा हात तिच्या धाकट्या बहिणीचा वाटे.

तपासणीला काठमांडूहून घिमिरे सर आले. सहा तासांच्या चढणीनं त्यांचा चेहरा जागेवर राहिला नव्हता, घड्याळ मात्र होतं. खटका दाबला. पट्टा फिरला, पीठ भुरभुरू लागलं, बायका नाचायच्याच बाकी होत्या. चाळिसाव्या मिनिटाला गिरणी कण्हली आणि बसली.

वीजघर सांभाळणारा कर्णसिं धापा टाकत आला. "दिदी, भात!"

"कुठला भात?"

"सगळा! बेचाळीस घरांत विजेचे कुकर लागलेत. पाहुणा कुणाकडे जेवेल नेम नाही, म्हणून सगळ्यांनीच टाकलाय!"

आता बंद करायला सांगायचं कुणाला? ज्याचा कुकर बंद, त्यानं पाहुण्याला उपाशी ठेवलं, हे सात पिढ्या ऐकावं लागणार.

"आणखी एकदा," सर म्हणाले. "पण पुन्हा पूर्ण तास. मग मी निघालो."

झुपमाया धावत टेकाडावर चढली आणि तिनं हाळी दिली, "ऐका हो! सरांची एकादशी आहे! भात चालत नाही!"

खालून म्हातारे बिर्खे बाजे ओरडले, "आज कसली एकादशी? परवाच झाली की!"

"ती मागची! काठमांडूत आज पुढची आहे!"

"पुढची आत्ताच?"

"बाजे, रस्ता, दवाखाना, टीव्ही, काय आपल्याआधी पोचलं नाही तिथं?"

हे मात्र बाजेंना पटलं. अख्ख्या गावाला पटलं. कुकर पटापट बंद झाले.

गिरणी पुन्हा धडधडली! सरांनी बोलायला तोंड उघडलं, तोच झुपमायानं हात जोडले. "सर, तासभर धर्म पाळा." सरांच्या पोटानं काहीतरी उत्तर दिलं, ते पट्ट्याच्या आवाजात बुडालं. पन्नास मिनिटं. पंचावन्न. कर्णसिंनं डोळे मिटून घेतले. साठ! बायकांनी सुपं बडवली. बघायला आलेले बाजे पिठानं इतके माखले, की त्यांच्या नातवानं त्यांना ओळखलंच नाही.

सही करून सरांनी हळूच विचारलं, "आता भात?"

"छे, सर! एकादशी सोडलीत तर गाव काय म्हणेल?"

पण गावानं उपासाची सोय आधीच केली होती. चुलीवर उकडलेले बटाटे. बेचाळीस ताटं, आणि एकही परत पाठवायची सोय नाही.

सर एकविसाव्या ताटावर होते, तेव्हा झुपमाया पाचव्या पोत्यावर होती. दाणे ओतत होती, डाव्या हातानं.