बांधावरचा आवाज

लायटर टकटकला, पण शेगडी पेटली नाही. पुन्हा टकटकला. कालपासून त्या दोन खोल्यांत एवढाच काय तो आवाज झाला होता. प्रशिक दारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होता आणि बायकोकडे बघायचं नाही असं ठरवूनच बसला होता. शामलाने शेवटी आगपेटी शोधली, चहा ठेवला आणि गुंजनला पुढ्यात ओढून तिची वेणी घालायला घेतली. पोरीचे केस भारी मऊ, तेल लावलं की बोटांतून निसटायचे. पहिलीतल्या पोरीला घरातलं काही कळत नाही असं मोठ्यांना वाटतं. आज मात्र वेणी ओढली गेली तरी गुंजन हूं की चूं करेना.

"साहेब येणार आहे आज," प्रशिक नाड्यांशीच बोलला. "भैय्याजीनं सांगतलं तसं बोलून टाक. वॉकीटॉकीचे सेट मीच आणले, मलेच सोपं पडे म्हणून. खतम."

"मी आणले?"

"नाई आणले, माहीत आहे मले. म्हणायले काय जाते तुह्यं?"

"जेल बी होऊ शकते म्हणत होते कालचे लोकं."

"तुले नाई होत. भैय्याजीनं वकिलाले विचारलं. एखाद्या माणसाजवळ सेट सापडले तर निस्ता दंड, अन् तो भैय्याजी भरून राहिला. धंद्यासाठी वापरले म्हणलं का कंपनीवर येते. मंग गाड्या उभ्या. मंग काय राख खाशीन?"

चहा उतू गेला. कोणीच उठलं नाही.

राख हाच तर भैय्याजींचा, म्हणजे दोघांच्या मालकाचा, धंदा होता. कोराडीच्या अलीकडे वीजकेंद्राच्या राखेचं तळं आहे. तिथून राख उचलायची आणि वीटभट्ट्यांना पोचवायची. तळ्याच्या कडेने बांध जातो, एक टिप्पर जाईल एवढाच रुंद, आणि मधोमध त्याला असं वळण आहे की पलीकडून हत्ती आला तरी दिसायचा नाही. भरलेली गाडी मागे घेता येत नाही. चाक जरा कडेला गेलं की खालची राख सरकते. कृष्णकांत नावाच्या ड्रायव्हरची गाडी समोरच्याला वाट देता देता अशीच उलटली होती. तो वाचला, पण आता काठी घेऊन चालतो. मोबाइल तिकडे लागत नाही. त्या अपघातानंतर भैय्याजींनी कुठूनसे वॉकीटॉकीचे सेट आणले. प्रत्येक टिप्परमध्ये एक ठेवला, यार्डच्या केबिनमध्ये मोठा बसवला आणि छतावर उंच अँटेना उभारला. केबिनमध्ये बसून खेपांची नोंद करणारी शामला त्या दिवसापासून सगळ्यांची "कंट्रोल" झाली.

आणि झाली ती मनापासून झाली. सुरुवातीला सेटवर नुसता कालवा असायचा. कोण बोलतंय, कुठून बोलतंय, कळायचं नाही. तिने शिस्त लावली. आधी कंपनीचं नाव, मग आपलं, मग गाडी भरलेली की रिकामी. ती "बांध मोकळा" म्हणेपर्यंत कोणी चाक हलवायचं नाही. सकाळची हजेरीही सेटवरच. कोणी राम राम घालायचा, कोणी जय भीम, आणि ती ज्याचं त्याला परत करायची. तेव्हापासून बांधावर कोणाचं चाक घसरलं नव्हतं. इतक्या रीतीने चाललेल्या कामाला परवाना लागत असेल हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. "टीव्हीच्या रिमोटले लागते का परवाना?" असं भैय्याजी म्हणाले होते, आणि सगळे हसले होते.

काल दुपारी छतावर चमत्कारिक जाळी बसवलेली, वायरलेस खात्याची सरकारी गाडी थेट यार्डाच्या फाटकात येऊन उभी राहिली. तिला कोणाला पत्ता विचारावा लागला नव्हता. हवेतून रोज कंपनीचं नाव, गाव, यार्ड, सगळं तिच्या कानावर पडतच होतं. मोठा सेट आणि गाड्यांतले सगळे छोटे सेट कापडात बांधून त्यावर लाखेचं सील लावलं गेलं. मालकाचं आणि सेटवर बोलणाऱ्या बाईचं म्हणणं ऐकायला उद्या येतो, असं सांगून ते लोक गेले.

शाळेच्या रिक्षात गुंजनला बसवून शामला यार्डात पोचली, तेव्हा टिप्पर रांगेत उभे होते आणि ड्रायव्हर त्यांच्या सावलीत. तिला बघून नत्थूजी उठला. सगळ्यांत जुना ड्रायव्हर तो. तिला पोरीसारखं मानायचा, निदान परवापर्यंत.

"उठा गा, कंट्रोल आली. सलामी द्या."

कोणीतरी खरंच सलाम ठोकला. हशा पिकला.

"रोज सकाळी बोंबलत होती," नत्थूजी म्हणाला, "भैय्याजी रोडलाइन्स, कोराडी यार्ड. फकत पिनकोड सांगाचा राह्यला होता."

"तुमचंच काम सोपं व्हावं म्हणून नावं लावली होती, नत्थूजी. कोण बोलून राह्यलं ते समजे नाही."

"समजलं न आता. दिल्लीपर्यंत समजलं." तो जवळ आला. "बाई, तुले घरी लेकरू आहे, मान्य. आमच्या घरी काय कुत्रे-मांजरं आहेत? कंपनी बसली तर आमी कोणाच्या तोंडाकडे पाहाचं?"

ती प्रशिककडे बघत राहिली. तो टायरवर लाथा मारून हवा तपासत होता. तेवढंच एक टायर, पुन्हा पुन्हा.

केबिनमध्ये भैय्याजींनी तिला खुर्ची दिली. रोज ती ज्या खुर्चीवर बसायची तीच, पण आज दिली. टेबलावर मोठ्या सेटच्या जागी धुळीत एक चौकोन उरला होता.

"बस वं शामला. तू घरची आहेस, म्हणून सांगून राहिलो. माणसानं उपकार मोजू नये. पण गुंजनच्या शाळेसाठी हेडमास्तरशी मीच बोललो होतो न?"

"हो जी."

"तुमाले रूम देल्ली ते बी कंपनीचीच आहे न?"

"हो जी."

"मंग एवढंसं वाक्य आहे. जीभ काय झिजून जाते?"

"अन् नाई म्हणलं तर?"

भैय्याजी हसले. त्यांचं हसू कधी गालांच्या वर जात नसे. "तर तू अन् तुह्यं सत्य, दोघं बी रस्त्यावर. दोघांले सोबत होऊन जाईन."

म्हणून टाकायचं, असं शामलाने सकाळी शाळेची रिक्षा वळताना ठरवलंच होतं. पोरीची शाळा, डोक्यावरचं छप्पर, नवऱ्याची गाडी, सगळं त्या एका वाक्यावर उभं होतं. खोटं बोललं म्हणून आभाळ कोसळत नाही हे तिला इतर कोणाही इतकंच ठाऊक होतं. तिने मनात ते वाक्य घोळवूनही पाहिलं. सेट मीच आणले, साहेब. माझ्या सोयीसाठी.

साहेब तरुण होते, तापट होते आणि चहाला शिवले नाहीत. त्यांनी लॅपटॉप टेबलावरच्या त्या चौकोनात ठेवला.

"सेट कोणाचे ते नंतर बघू. आधी हे ऐका. आम्ही आठवडाभर तुम्हाला ऐकत होतो."

थोडी खरखर झाली आणि मग एक बाई बोलू लागली. "भैय्याजी रोडलाइन्स कंट्रोल. नत्थूजी, थांबा. प्रशिक भरून येऊन राहिला. थांबा, थांबा. हं, निघाला तो. बांध मोकळा. या आता." आपला आवाज शामलाने असा कधी ऐकलाच नव्हता. तान्ह्या पोराला पाळण्यात घालून दोरी हलवताना बाई बोलते तसा तो होता. खिडकीबाहेर ड्रायव्हर गोळा झाले होते.

मग मध्येच एक पुरुष घुसला. तुटक, धापा टाकत. "पाण्याची गाडी मागच्या गेटला... मागच्या गेटला पाठवा..."

आणि त्यावर तीच बाई, पण आता सुरीसारखी. "कोण आहे हे? हे आमचं चॅनेल आहे. बाजूले व्हा, आमच्या गाड्या चालू आहेत."

"मागच्या... गाडी मागच्या..."

"सांगतलं न तुमाले. दुसऱ्याच्या लायनीवर कायले येता?"

त्यावर खिदळणं ऐकू आलं. नत्थूजीचा आवाज स्पष्ट होता. "हाकल वं त्याले, कंट्रोल."

साहेबांनी लॅपटॉप थांबवला. "तो अग्निशमनचा जवान होता. फर्निचरच्या गोदामाला आग लागली होती. ती फ्रिक्वेन्सी त्याची, परवानाही त्याच्याकडे. तुम्ही त्याला त्याच्याच घरातून हाकललंत."

शामलाला तो दिवस आठवला. त्या संध्याकाळी पोळ्या लाटताना तिने प्रशिकला रंगवून सांगितलं होतं, आज एक जण आपल्या चॅनेलवर घुसला होता, मी असा झापला की पुन्हा आलाच नाही. प्रशिकही खूश झाला होता. गुंजनने तर नक्कल करून दाखवली होती.

"कोणी मेलं काय, साहेब?"

"नाही. भिंत पडली, त्या जवानाचा हात भाजला. तुमच्यामुळेच, असं मी लिहिणार नाही. ते मला सिद्ध करता येत नाही. पण पाणी पुढच्या गेटला गेलं आणि तो मागच्या गेटवर ओरडत होता." त्यांनी पेन उघडलं. "आता सांगा. सेट कोणाचे?"

"साहेब, बाईनं तिच्या सोयीनं..." भैय्याजी पुढे सरकले.

"त्यांना तोंड आहे."

घोळवलेलं वाक्य शामलाच्या ओठांवर आलं होतं. पण त्याच्या आधी दुसरंच बाहेर पडलं.

"आवाज माझा आहे. त्याले हाकललं ते मीच. त्याचा जो दंड असंन तो माझ्या नावानं लिहा." ते एक आपलं म्हणून पदरात घेतल्यावर दुसऱ्याचं घ्यायला तिच्यात जागाच उरली नव्हती. "सेट माझे नाहीत. भैय्याजीनं आणले, धंद्यासाठी. सगळ्या गाड्यांत त्यांनीच लावले."

खिडकीबाहेर कोणीतरी शिवी दिली. कोणी दिली ते तिने वळून पाहिलं नाही, कारण आवाज घरातला होता आणि तो नत्थूजीचा नव्हता.

साहेब लिहीत राहिले. कंपनीला नोटीस निघेल, दंड धंद्याच्या हिशेबाने लागेल, सेट जप्त राहतील, असं त्यांनी भैय्याजींना वाचून दाखवलं. ते उठताना शामलाने विचारलं, "साहेब, पण बांधावर वळण आहे. समोरचं दिसत नाही. ड्रायव्हर लोकांनी काय करायचं?"

"परवाना काढायचा. अर्ज करा, तुमची फ्रिक्वेन्सी मिळेल. मग खुशाल बोला."

"अन् तवरोक?"

साहेबांनी लॅपटॉप मिटला. "तोपर्यंत बोलायचं नाही."

सरकारी गाडी फाटकाबाहेर गेली तशी यार्डाला वाचा फुटली. भैय्याजी पायरीवर उभे राहिले. "गाड्या काढा. कालच्या अन् आजच्या, दोन्ही दिवसाच्या खेपा आजच झाल्या पाहिजेत. पुढे धंदा राहते का जाते, या बाईले विचारा." मग तिच्याकडे हात पसरला. "केबिनची चाबी दे. रूमची महिना संपल्यावर दे."

ड्रायव्हर तिच्या अंगावरून गेले. एकाने वाकून "बांध मोकळा, मॅडम?" असं विचारलं. नत्थूजी तिच्या चपलेशेजारी थुंकला आणि गाडीत चढला. प्रशिक सगळ्यांच्या मागून आला. ती त्याच्या टिप्परच्या दाराला हात लावून उभी राहिली.

"हळू जा. वळणावर थांबून हॉर्न द्या."

"आता तू नको सांगू," तो म्हणाला. "सांगण्याचं काम गेलं तुह्यं." आणि त्याने दार ओढून घेतलं. तिची बोटं थोडक्यात वाचली.

संध्याकाळी शामला अंगणात गुंजनचे शाळेचे मोजे धूत होती. शेजारणीने आपलं दार लोटून घेतलं होतं. तिचाही नवरा टिप्परवरच. वाऱ्याबरोबर जवळच्या तळ्यावरची राख येत होती, दोरीवरच्या कपड्यांवर बसत होती, आणि शामला तेच मोजे पुन्हा पिळत होती. गुंजन पायरीवर बसून सकाळची सुटलेली वेणी स्वतःच घालायचा प्रयत्न करत होती. एक पदर नेहमी उरायचा.

"इकडे ये, बाळा. मी घालून देते."

"थांब न, मम्मी. आयक." पोरीने बोट वर केलं. "पप्पाचा हॉर्न."

बांधाच्या अलीकडून हॉर्न येत होता. दोन आखूड, एक लांब. प्रशिकचाच. शामलाचे ओले हात तसेच राहिले. मग बांधाच्या पलीकडून दुसऱ्या टिप्परचा आला, जाड आवाजाचा, ताणून धरलेला. अलीकडचा पुन्हा वाजला, या वेळी जास्त वेळ. पलीकडचाही थांबेना. दोन्ही आवाज वळणाच्या दिशेने सरकत होते, रागाने, एकमेकांना बाजूला व्हा म्हणत.

गुंजन उठून आईला चिकटून उभी राहिली.

"मम्मी, दोघंबी येऊन राहिले. कोण थांबन वं?"